इम्युनिटी फलकावर, साखर ग्लासात

महोदय,

स. न. वि. वि.

पावसाची पहिली सर पडली की ठाण्यात राम मारुती रोडपासून घोडबंदरपर्यंत आणि नवी मुंबईत वाशीपासून सीवूड्स, खारघरपर्यंत स्मूदीच्या दुकानांचे फलक बदलतात. उन्हाळ्यात ‘समर कूलर’ म्हणून विकला जाणारा ग्लास जूनमध्ये ‘इम्युनिटी बूस्टर’ होतो. आतला माल बहुतेक तोच असतो. चिमूटभर हळद, आल्याचा एक तुकडा आणि बिलात तीस-चाळीस रुपये एवढीच भर पडते. फळांचे पेय विकायला कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती ते पेय आजार अडवते असे लिहून विकायला. त्याऐवजी ग्लासात काय आणि किती घातले ते लिहावे, एवढीच आमची मागणी आहे. ती का, हे समजायला काउंटरच्या पलीकडे डोकवावे लागेल.

‘मँगो टर्मरिक’ नावाचा साडेतीनशे-चारशे मिलीचा एक ग्लास घेऊ. त्यात साखर घातलेला डब्यातला आंब्याचा पल्प १०० ग्रॅम, अर्धे केळे, गोड योगर्ट ८० ग्रॅम, मध एक मोठा चमचा, आणि पंपाच्या बाटलीतले क्रश, म्हणजे फळाचा साखर घातलेला घट्ट पाक, दोन दाब, म्हणजे साधारण ३० मिली. बाकी बर्फ, हळद आणि वरून चिया. आता साखर मोजू. पल्पमधून १६ ग्रॅमच्या आसपास, केळ्यातून ७, योगर्टमधून १०, मधातून १६. राहिले क्रश. अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे फ्रूट क्रशमध्ये फळ किमान २५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ किमान ५५ टक्के असावे लागतात. हे घन पदार्थ म्हणजे मुख्यतः साखरच. ३० मिली क्रशचे वजन ३८ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे त्यात जवळपास २० ग्रॅम साखर. एकूण बेरीज सत्तरला टेकते. चहाच्या चमच्याने मोजली तर चौदा चमचे. कटिंगमध्ये ‘साखर कमी’ असे आवर्जून सांगणारा माणूस हाच ग्लास तब्येतीसाठी म्हणून हातात घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात मुक्त साखर ५० ग्रॅमच्या आत असावी, जमल्यास २५. मध, क्रश आणि फळांचा रस यांतली साखर त्यात धरली जाते. अख्ख्या फळातली धरली जात नाही, कारण ती पेशींच्या भिंतींआड असते, चावावी लागते, आणि तीन संत्री सोलून खाताना पोट आधीच पुरे म्हणते. रस काढला की हा अडसर जातो. मिक्सरमध्ये चोथ्यासकट फिरवलेली स्मूदी गाळलेल्या रसापेक्षा बरी, हे मान्य. पण त्यात क्रश ओतल्यावर हा फरक नावापुरता उरतो.

क्रश का वापरतात, हेही सांगायला हवे, नाहीतर दुकानदार नुसता लबाड वाटेल. तुर्भ्याच्या बाजारातून आलेले फळ रोज एकसारखे नसते. आज अननस गोड, उद्या आंबट. सोलून, मधला दांडा काढून अननसाचे जेमतेम निम्मे वजन हाती लागते, डाळिंबाचेही तसेच. चिरलेले सफरचंद आणि केळे हवेतल्या ऑक्सिजनने काही मिनिटांत काळवंडते. क्रशला यातले काहीच होत नाही. रंग ठरलेला, चव ठरलेली, बाटली महिनोन्महिने टिकते आणि कालच लागलेला मुलगाही तोच ग्लास बनवू शकतो. शिवाय फ्रँचायझीचे मेन्यूकार्ड कुठल्या तरी लांबच्या ऑफिसात ठरलेले असते. काउंटरवरच्या मुलाला ‘यात इम्युनिटी कशाने वाढते?’ असे विचारले तर तो कार्डाकडेच बघणार.

अननसाचा विषय निघालाच आहे तर एक खास धंद्यातली गोष्ट. ताजा अननस दुधात किंवा दह्यात फिरवून ठेवला की पंधरा-वीस मिनिटांत पेय कडू लागते. अननसातले ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) दुधातल्या केसिन प्रथिनाचे तुकडे करते, आणि त्या तुकड्यांतले काही कडू असतात. किवी आणि कच्च्या पपईचेही तसेच. डबाबंद अननस उष्णतेतून गेलेला असतो, त्याचे विकर निकामी झालेले असते, म्हणून तो कडवत नाही. तेव्हा डिलिव्हरीने मागवलेली ‘फ्रेश पाइनॅपल योगर्ट स्मूदी’ तासाभराने घरी पोचूनही मुळीच कडू लागली नाही, तर त्यातल्या ‘फ्रेश’ या शब्दाविषयी काय समजायचे ते समजावे.

आता मुख्य दाव्याकडे. प्रतिकारशक्ती ही एकच वस्तू असती तर ती वाढवता आली असती. प्रत्यक्षात ती म्हणजे त्वचा, श्लेष्मल आवरणे, पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार, प्रतिपिंडे आणि या सगळ्यांना आवरणारी यंत्रणा. तिचा जोर नको तिथे वाढला की ॲलर्जी होते, संधिवातासारखे आजार होतात. आहारात प्रथिने, जस्त, लोह, अ, क किंवा ड जीवनसत्त्व कमी पडले तर ही व्यवस्था कमजोर होते, हे खरे. कमतरता भरून काढली की ती पूर्ववत होते. पण ज्याला कमतरताच नाही त्याने वरून आणखी ओतल्याने ती दुप्पट होत नाही. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. एका वेळी एक ग्रॅमच्या वर घेतले तर निम्म्याहून कमी शोषले जाते आणि जादाचे लघवीवाटे निघून जाते.

सर्दीवर क जीवनसत्त्वाचा उपयोग किती, यावर चाचण्या झालेल्या नाहीत असे नाही. कोक्रेन या संस्थेने २०१३ साली २९ चाचण्यांचा, अकरा हजारांहून अधिक लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. रोज २०० मिलिग्रॅम किंवा अधिक क जीवनसत्त्व नियमित घेणाऱ्या सर्वसाधारण लोकांत सर्दी होण्याचे प्रमाण घटले नाही. सर्दीचा मुक्काम मोठ्यांत सरासरी ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के कमी झाला. सात दिवसांच्या सर्दीत ८ टक्के म्हणजे तेरा-चौदा तास. सर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या मात्रेचा खात्रीलायक फायदा दिसला नाही. मॅरेथॉन धावणारे, बर्फात स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांच्यात मात्र सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले होते. येऊरची चढण रविवारी एकदा चढणारे त्यांत मोडत नाहीत.

बरे, क जीवनसत्त्वच हवे असेल तर ते कुठे आहे? आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम, स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरते. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या वर असते. आवळ्यात त्याहून जास्त. संत्र्यात चाळीस-पन्नास. आणि फलकावर सगळ्यात मोठा फोटो ज्याचा असतो त्या आयात ब्लूबेरीत दहाच्या आसपास. म्हणजे स्टेशनबाहेर तिखट-मीठ लावून मिळणारा मध्यम पेरू दोन दिवसांची गरज भागवतो, आणि निळ्या फोटोचा महागडा ग्लास, त्यात ब्लूबेरी खरोखर असल्या तरी, एका दिवसाचीही भागवत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हळदीच्या ६० मिली ‘शॉट’चे गणित आणखी फिके आहे. वाळलेल्या हळदीत कुरकुमिन, म्हणजे जिच्यामुळे हळदीचे नाव झाले ते द्रव्य, साधारण ३ टक्के असते. अर्धा चमचा हळद म्हणजे दीड ग्रॅम. त्यात कुरकुमिन ४५ मिलिग्रॅम, आणि तेही आतड्यातून फार थोडे शोषले जाते. ज्या प्रयोगांच्या जोरावर हळदीचा गवगवा होतो त्यांत पाचशे मिलिग्रॅम, हजार मिलिग्रॅम अर्काच्या कॅप्सूल दिलेल्या असतात. मिरीतल्या पायपरीनमुळे शोषण वाढते हे खरे, पण तेच पायपरीन काही औषधांचेही रक्तातले प्रमाण बदलते. चवीपुरती मिरी कोणालाच बाधत नाही. अर्काची पूड ‘डबल स्ट्रेंथ’ म्हणून घालायची टूम मात्र रोज गोळ्या घेणाऱ्यांनी टाळलेली बरी.

गुळवेलीबद्दलही बोलले पाहिजे, कारण ‘गिलोय शॉट’ आता मेन्यूवर सर्रास दिसतो. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती असा मुद्दा मांडला. वाद कोणाच्या बाजूने सुटो, स्मूदीच्या दुकानाच्या दृष्टीने धडा एकच: पिशवीतली हिरवी पूड नेमकी कोणत्या वेलीची, किती मात्रेत, आणि ज्याला देतो आहोत त्याला यकृताचा किंवा स्वप्रतिकारशक्तीचा (ऑटोइम्यून) आजार आहे का, यातले काहीच काउंटरवरच्या माणसाला माहीत नसते. वैद्य ते विचारतो. चाळीस रुपये जादा घेऊन घातला जाणारा ‘बूस्टर स्कूप’ही याच जातीचा. त्यात जस्त असेल तर किती मिलिग्रॅम, हे विचारावे. जादा जस्त बरेच दिवस पोटात गेले तर शरीरातले तांबे कमी होते आणि मग रक्तपेशींवरच परिणाम होतो. म्हणजे ज्यासाठी घेतले त्याच्या उलटे.

काही ग्राहकांना हा ग्लास थेट त्रास देऊ शकतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियम मोजून घ्यावे लागते, आणि केळे, शहाळ्याचे पाणी, पालक हे तिन्ही एकाच ‘डिटॉक्स ग्रीन’ ग्लासात असतात. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात अर्ध्या ग्रॅमहून अधिक ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा बनवणारे द्रव्य, असते. मुतखड्याचा इतिहास असलेल्याने ते रोज रिकाम्या पोटी पिणे म्हणजे खड्याला आमंत्रण. हिरव्या स्मूदीच्या अतिरेकाने मूत्रपिंड निकामी झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पालक घालायचाच तर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, ते पाणी टाकून, दह्याबरोबर घालावा. ऑक्झलेट काही पाण्यात जाते, काही दह्यातल्या कॅल्शियमशी आतड्यातच बांधले जाते. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमरॉल ही रक्त गोठू न देणारी औषधे घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवले तर त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो. आणि ‘डायबेटिक फ्रेंडली’ लिहून चार खजूर आणि मध घालणे याला काय म्हणावे? चार खजुरांतच वीसेक ग्रॅम साखर असते. ती पांढरी नाही, एवढेच.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी उपवन, तलावपाळी, नेरुळ, पाम बीच अशा ठिकाणी दुधीचा रस मिळतो. त्याचा धोका साखरेपेक्षा वेगळा आहे आणि तातडीचा आहे. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. त्यांनी उलट्या, पोटात तीव्र वेदना, रक्ताची उलटी आणि रक्तदाब घसरणे इथपर्यंत मजल जाते, आणि त्यावर उतारा नाही. आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने याबाबत स्पष्ट सूचना दिल्या आहेत: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघावा, कडू असेल तर अख्खा दुधी टाकावा, आणि दुधीचा रस दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नये. शेवटची सूचना कळीची. आवळा, लिंबू, पुदिना घातला की कडूपणा झाकला जातो आणि जिभेने दिलेला इशारा पोचतच नाही. आपल्याकडे मात्र हे मिश्रणच ‘फाइव्ह इन वन’ म्हणून विकले जाते. विक्रेत्याने प्रत्येक दुधी दोन्ही टोकांकडून कापून चाखावा; दहा दुधींतला एक चाखून भागत नाही. आणि ग्राहकाने पहिला घोट कडू लागला तर पैसे दिलेत म्हणून ग्लास संपवू नये.

आता स्वच्छता. ‘इम्युनिटी’ विकणाऱ्या दुकानात पोट बिघडवणारे जंतू मिळावेत यापरता विनोद नाही, आणि त्यांचा ठिकाणा बहुतेक वेळा मिक्सरचा जार असतो. दोन ग्लासांमध्ये जार नुसता पाण्याने खळखळवून घेतात. तेवढ्याने भिंती धुतल्या जातात. पात्याखालची रबराची रिंग जागची हलत नाही. तिच्या खाचेत दूध, केळे आणि साखर बसते, मोटरच्या उष्णतेने ती जागा कोमट राहते, आणि पाच ते साठ अंश सेल्सिअस ही जंतू वाढायला पोषक पट्टी तिथे दिवसभर मिळते. उपाय साधा आहे. दर चार तासांनी, आणि दुकान बंद करताना न चुकता, जार उलटा करून पात्याचा भाग फिरवून काढायचा, रिंग नखाने उचलायची, सगळे भाग साबणाच्या गरम पाण्यात ब्रशने घासायचे, धुवायचे, मग क्लोरीनच्या पाण्यात बुडवून जाळीवर निथळत ठेवायचे. फडक्याने पुसायचे नाहीत. धुण्याची सगळी मेहनत ते फडके वाया घालवते. रिंग चिकट झाली, भेगाळली की बदलायची. सुट्या रिंगची किंमत एका ग्लासापेक्षा कमी असते. जार खरोखर स्वच्छ आहे का हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, रिंग काढून हुंगून बघितली की कळते.

फळ धुण्याचेही तसेच. कापण्याआधी फळे ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीनच्या पाण्यात धुवावीत, असे अन्नसुरक्षेच्या मार्गदर्शनात आहे. ऐकायला अवघड, करायला सोपे: ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, बिनवासाचे आणि अन्नासाठी चालणारे, दहा लिटर पाण्यात साडेबारा मिली. पाच मिनिटे बुडवून मग पिण्याच्या पाण्याने धुवावे. घाण आधी नुसत्या पाण्याने काढावी, कारण माती आणि पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. त्याच पाण्यात दिवसभर फळे बुडवत राहिले तर दुपारपर्यंत ते नुसते पाणीच झालेले असते; दर दोन-तीन तासांनी नवे करावे, चाचणीपट्टीने तपासावे. खरबुजाची साल खरखरीत, जाळीदार असते. ती ब्रशने घासल्याशिवाय सुरी घातली की सालीवरचे जंतू सुरीबरोबर गरात उतरतात. चिरलेली फळे उथळ झाकणबंद डब्यांत पाच अंशांखाली ठेवावीत. खोल बादलीत ठेवली तर मधला भाग गार व्हायला तासन्‌तास लागतात.

आणि बर्फ. मोरबे धरणाचे पाणी चांगले म्हणून नवी मुंबईकर निर्धास्त असतो, पण दुकानातल्या बर्फाची लादी कुठल्या पाण्याची, हे कोणी विचारत नाही. मासळी आणि इतर माल गार ठेवण्यासाठी बनणारा बर्फ खाण्यासाठी नसतो. तो खाण्याच्या बर्फापासून ओळखू यावा म्हणून २०१८ पासून त्यात खाद्य निळा रंग घालणे बंधनकारक झाले. तेव्हा पांढरी लादी दिसली की खाण्याचीच, असे मात्र समजू नये. रंग न घालता विकणारेही असू शकतात. दुकानदाराने बर्फाच्या पुरवठादाराचा परवाना क्रमांक आणि बिल ठेवावे. बर्फाच्या पेटीतला चमचा दांडा वर ठेवून टांगलेला असावा. हाताने किंवा ग्लासानेच बर्फ उपसताना दिसला तर ग्राहकाने ‘बर्फाशिवाय द्या’ म्हणावे.

कायदा काय म्हणतो? अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चे कलम २४ फसव्या जाहिरातीला मनाई करते आणि कलम ५३ त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. जाहिरात व दाव्यांबाबतचे २०१८ चे नियम त्याहून नेमके आहेत. अन्नपदार्थ आजार टाळतो, बरा करतो असा दावा, खास परवानगी दिलेले अपवाद सोडता, करता येत नाही. इतर दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, आणि तो देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची. समतोल आहारातून पोषण पुरेसे मिळत नाही असेही सुचवता येत नाही. ‘साखर घातलेली नाही’ लिहायचे असेल तर मध, गोड पल्प, जॅम असा साखर असलेला कुठलाही घटक घातलेला चालत नाही. २०२४ च्या जूनमध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांच्या पाकिटांवरून ‘शंभर टक्के फळांचा रस’ हे शब्द काढायला लावले. पाकिटावर जे चालत नाही ते गल्लीतल्या फलकावर का चालते? फलकही जाहिरातच आहे. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या साखळ्यांना मेन्यूवर कॅलरी छापणे बंधनकारक आहे. त्या छापल्या असतील तर शोधून वाचाव्यात; बहुधा सगळ्यात बारीक अक्षरांत असतात.

अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयाला विनंती अशी की तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्यांनी परवाना, पाण्याचा अहवाल आणि कामगारांचे वैद्यकीय दाखले पाहून झाल्यावर मान वर करून फलकही वाचावा आणि ‘या वाक्याचा पुरावा दाखवा’ असे लेखी विचारावे. पहिल्या दहा-बारा दुकानांना नोटिसा गेल्या तर उरलेले फलक आपोआप बदलतील, असा आमचा अंदाज आहे. आणि संपादक महाशय, थोडे आपल्याकडेही. दर पावसाळ्यात पुरवण्यांतून ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे पाच ज्यूस’ छापून येतात आणि तीच कात्रणे लॅमिनेट होऊन दुकानाच्या काचेवर लागतात.

ग्राहकाला करता येण्यासारखे: बिल मागावे, त्यावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असलाच पाहिजे. फलकाचा फोटो तारखेसह काढावा. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या किंवा एफएसएसएआयच्या १८००११२१०० या निःशुल्क क्रमांकावर, अथवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर नोंदवावी, फसव्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. एक फारसे कोणाला ठाऊक नसलेले कलम ४० आहे. त्यानुसार कोणताही ग्राहक शुल्क भरून विकत घेतलेल्या पदार्थाचे अन्न विश्लेषकाकडून पृथक्करण करून घेऊ शकतो. अट अशी की तसा इरादा खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगायचा. पेय नाशवंत असल्याने नमुना कसा, किती आणि कोणत्या तापमानात आणायचा हे आधी विचारून घ्यावे, नाहीतर वाटेतच तो आंबतो आणि अहवालाला काही अर्थ राहत नाही.

दुकानदारांनी म्हणू नये की मग विकायचे काय. पेरू १२० ग्रॅम सालीसकट, ताजे दही १०० ग्रॅम, पाणी आणि बर्फ मिळून १२० ग्रॅम, पुदिन्याची सात-आठ पाने, चिमूटभर काळे मीठ आणि भाजलेले जिरे. पेरू आधी पाण्याबरोबर कमी वेगावर फिरवून गाळायचा. वेग वाढवला की बिया फुटतात आणि पेय तुरट, रवाळ होते. दही शेवटी, पाच सेकंद. गाळण्यात आणि फिरवण्यात क जीवनसत्त्व निम्मे गेले असे धरले तरी शंभर मिलीत तीस मिलिग्रॅमच्या वर उरते. पेयाला ‘क जीवनसत्त्व भरपूर’ म्हणण्यासाठी शंभर मिलीत रोजच्या शिफारशीच्या १५ टक्के, म्हणजे १२ मिलिग्रॅम लागते. तेव्हा फलकावर बिनधास्त लिहावे: ‘पेरू-पुदिना, ३५० मिली. पेरू १२० ग्रॅम, दही १०० ग्रॅम. साखर, मध, क्रश घातलेले नाही. क जीवनसत्त्व भरपूर. आत्ता फिरवले आहे, लगेच प्यावे.’

आपले,
अन्नतंत्रज्ञान व आहारशास्त्र क्षेत्रातील काही वाचक,
ठाणे आणि नवी मुंबई